द्राक्षबागेतला जर्मन शेफर्ड: साखळी, कॅल्शियम आणि टाचा धरणारं पिल्लू

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग, घर गावात, बाग तिथून दीड किलोमीटरवर. बागेच्या राखणीसाठी जर्मन शेफर्डचा नर आणलाय, वय चार महिने. दिवसा शेडजवळ साखळीला असतो, रात्री बागेत मोकळा. रविवारी घरी आणला की पोरांच्या टाचा धरतो आणि शेळ्यांना कोपऱ्यात कोंडून उभा राहतो. डावा कान अजून पडलेला आहे, म्हणून कोणीतरी सांगितल्यावरून रोज कॅल्शियम चालू केलंय. उन्हाळा आलाय तर केस काढून टाकू का, असं विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय की, ‘आई म्हणते हे कुत्रं पुढं मारकं निघणार, आत्ताच परत देऊन टाक.’

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि गेली चोवीस वर्षं मिरजेत दवाखाना चालवतोय. निम्मं काम गाई-म्हशींचं, निम्मं कुत्र्यांचं. शेफर्ड एवढे पाहिलेत की तुमचा प्रश्न वाचताना पिल्लू डोळ्यांसमोर आलं. प्रश्न पाच दिसत असले तरी मुळाशी एकच गोष्ट आहे. तुम्हाला हवा होता राखण्या आणि घरात आलाय मेंढपाळाचा गडी. दोघांची कामं वेगळी, घडण वेगळी.

आपल्याकडे जत, आटपाडीकडचे धनगर मेंढ्या घेऊन फिरतात, त्यांच्याबरोबरची कुत्री तुम्ही पाहिली असतील. रात्री रानात मेंढ्या बसवल्या की ती कडेनं पसरून बसतात. लांडगा आला, परका माणूस आला की उठतात. एरवी मेंढ्यांना हात लावत नाहीत, त्यांना हाकतही नाहीत. लहानपणापासून मेंढ्यांतच वाढलेली असतात आणि मालक जवळ नसला तरी त्यांचं काही अडत नाही. बागेवर एकटं राहून काम करायला असं कुत्रं लागतं.

जर्मन शेफर्डचं काम दुसरंच होतं. तिकडं शेतांना कुंपण नसायचं. पिकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मेंढ्या चारायच्या, आणि कुत्र्यानं त्या पट्ट्याच्या कडेनं दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, म्हणजे एकही मेंढी पिकात शिरणार नाही. बांधावरचं जिवंत कुंपणच म्हणा ना. मेंढी रेषेबाहेर गेली तर तिला दातात धरून मागं ढकलायचं, पण जखम करायची नाही, आणि सारखं एक डोळा मेंढपाळाकडे ठेवायचा. माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या कप्तानानं १८९९ साली असाच एक कामाचा कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच वर्षी या जातीची संघटना काढली. आज आपल्याकडे फिरणारा प्रत्येक शेफर्ड त्याच वंशावळीशी जाऊन भिडतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून ‘अल्सेशियन’ असतं, तोही हाच कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात ‘जर्मन’ हा शब्द नको होता म्हणून ते नाव पडलं.

हे एवढं सांगतोय कारण तुमच्या अंगणात तेच चाललंय. पुढच्या रविवारी नीट बघा. पोरगं पळायला लागलं की पिल्लू सरळ मागं धावणार नाही. आधी मान खाली घालेल, मग वळसा घालून पुढून येईल, आणि टाचेला नाहीतर चड्डीच्या काठाला धरून पोराला वळवायला बघेल. पोरगं थांबलं की तेही थांबतं आणि तुमच्या तोंडाकडे बघतं. शेळ्या कोपऱ्यात गोळा करून उभं राहतं ते याच कारणानं: सगळ्या एका जागी आल्या, आता पुढं काय करू ते सांगा. आईंना हे दाखवा. यात मारकेपणा नाही. मात्र दात लागतात, पोरं रडतात, आणि आठ महिन्यांनी हेच पिल्लू तीस किलोच्या घरात जाईल. म्हणून वळण आत्ताच लावायचं.

साखळीबद्दल मला मनापासून बोलायचंय. काही वर्षांपूर्वी एका मळ्यात म्हशीच्या बाळंतपणासाठी गेलो होतो. तिथं दोन वर्षांचा शेफर्ड खुंटीला बांधलेला होता. साखळीच्या टोकाएवढा पक्का गोल जमिनीत पडला होता, खळ्यासारखा कडक आणि कडेला चार बोटं खोल. मालकाला म्हटलं, जरा सोडा. सोडलं. साखळी जमिनीवर पडली, आणि तो कुत्रा त्याच गोलातून फिरत राहिला, सात-आठ फेऱ्या, उजवीकडून डावीकडे, कोणाकडे न बघता. तो चावायचाही, मालकाच्या भावाला टाके पडले होते. त्या जनावराचं डोकं दिवसभर माणसाबरोबर काम करायला घडलेलं होतं आणि त्याला दोन वर्षं पाच पावलांचा गोल मिळाला होता. तुमचं पिल्लू अजून चार महिन्यांचं आहे. ते त्या गोलापासून खूप लांब आहे, आणि तिथं त्यानं कधी पोचू नये एवढीच माझी धडपड.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे मुक्काम बागेतून घरी हलवा. पडवीत, जिन्याखाली, कुठंही, पण घरची माणसं दिसतील, आवाज येईल अशी जागा. रात्री चार महिन्यांचं पिल्लू राखण काही करत नाही, घाबरून भुंकायला मात्र शिकतं. खरी राखण दीड-दोन वर्षांनंतर आपोआप येते, ती शिकवावी लागत नाही. ‘मारका’ बनवून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या हाती या जातीचं कुत्रं कधी देऊ नका.

दुसरं, त्याला बांधाचं काम द्या. सकाळी तुम्ही बागेला जाताच, त्याला लांब दोरीवर बरोबर घ्या आणि बागेच्या चारी कडेनं एक फेरी मारा. रोज तोच रस्ता, तीच दिशा. कोपऱ्यावर थांबायचं, बसवायचं, शाबासकी द्यायची, पुढं निघायचं. संध्याकाळी पुन्हा. कुणी आत शिरलंय, पाइप फुटलाय, डुक्कर येऊन गेलंय, हे त्याला कळायला लागेल आणि तुम्हालाही त्याच्या कानांवरून कळेल. बागेची राखण तुम्हाला हवीच होती, ती या वाटेनं मिळते. पळवणं, मोटारसायकलमागं धाववणं, ट्रॉलीतून उड्या मारायला लावणं मात्र वर्ष-दीड वर्ष अजिबात नको. हाडांची टोकं अजून कोवळी आहेत. मऊ मातीवर चालणं भरपूर, कडक रस्त्यावर धावणं नाही. शिकवणी पाच-पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चारदा. शेफर्ड पटकन शिकतो, त्यामुळे वाईट सवयही पटकन शिकतो.

टाचा धरण्यावर ओरडणं किंवा मारणं कामाचं नाही. ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही खेळात आलात, मारलंत तर पोरं आली की मार बसतो एवढंच तो शिकतो. पोरांना सांगा, त्यानं धरलं की पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. तुम्ही दोरी हातात ठेवून त्याला हाक मारा, आला की चांगला घास द्या आणि तोंडात धरायला जाड दोर किंवा पोत्याचा तुकडा द्या. महिनाभर न चुकता केलं तर फरक दिसतो. शेळ्यांपाशी तो दोरीशिवाय जाताच कामा नये, सात-आठ महिने तरी. आणि पोरं लहान असतील तर त्यांना आणि कुत्र्याला मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका. कुत्रं कितीही गुणी असो, माझ्या घरी हा नियम आहे.

किती लवकर सुधारेल हे दोन-तीन गोष्टींवर आहे. पिल्लाचे आई-बाप कसे होते, पहिल्या तीन महिन्यांत त्यानं किती माणसं आणि आवाज पाहिले, आणि घरात कोणी एक माणूस सकाळ-संध्याकाळ वेळ देणार आहे का. पहिल्या दोन तुमच्या हातात राहिलेल्या नाहीत. तिसरी आहे.

आता कॅल्शियम. ते आजच बंद करा. कान उभा राहतो तो कानातल्या कूर्चेच्या जोरावर, आणि चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात तेव्हा उभे झालेले कानही पुन्हा पडतात. एक उभा, एक आडवा, दोन्ही मध्ये टेकलेले, सगळं चालतं. सहा-सात महिन्यांपर्यंत वाट बघा, तोवर कान चोळू नका, दुमडू नका, आतून वास येतो का तेवढं बघा. तेव्हाही पडलेला असेल तर दाखवायला आणा.

नुकसान कसं होतं तेही सांगतो, कारण ‘कॅल्शियम जास्त झालं तर काय बिघडतं’ असं सगळेच विचारतात. मोठं कुत्रं जास्त झालेलं कॅल्शियम आतड्यात घेतच नाही, तसंच बाहेर टाकतं. पहिल्या सहा महिन्यांतल्या पिल्लाला ते जमत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच रक्तात ओढलं जातं. मग कूर्चेचं हाड होण्याची चाल बिघडते, पाय वाकतात, सांधे दुखतात. शेफर्डच्या खुब्याचा सांधा मुळातच सैल असण्याची शक्यता, त्यात ही भर. पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर त्यात प्रमाण बसवलेलं असतं, वर काहीच नको. घरचं देत असाल तर गोष्ट वेगळी. नुसतं दूध-भाकरी किंवा नुसतं चिकन यात खरंच उणीव राहते, पण ती बाटलीतल्या अंदाजानं भरून निघत नाही. काय खातो, किती खातो, हे आठवडाभर लिहून आणा, कोणीही जवळचा पशुवैद्य त्यावरून बेत ठरवून देईल.

खाण्याचं आणखी थोडं. आत्ता दिवसातून तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. चार महिन्यांचा नर साधारण सोळा-अठरा किलोचा असतो, गुबगुबीत करू नका. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटाला लागल्या पाहिजेत, दिसायला नकोत. उकडलेलं अंडं, मिठाशिवाय शिजवलेलं चिकन, थोडा भात किंवा भाकरी चालते. मटणाचा रस्सा नको, त्यातला कांदा रक्ताचं नुकसान करतो. शिजलेली हाडं नकोत, त्यांच्या कपच्या होतात.

आणि तुम्ही तासगावचे आहात म्हणून सगळ्यात जोर देऊन सांगतो: द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. आपल्या भागात हे कोणाला पटत नाही, कारण एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं आणि दुसऱ्याची थोडक्यावर किडनी बसते. कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. बेदाण्यात सगळं आटून आलेलं, म्हणून तो आणखी वाईट. एका फेब्रुवारीत कवठेमहांकाळकडच्या शेडवरची तीन वर्षांची शेफर्ड मादी माझ्याकडे आली. दोन दिवस उलट्या होत होत्या, घरच्यांना वाटलं ऊन बाधलं. टेबलावर घेतली तर हिरड्या कोरड्या पडलेल्या, तोंडाला लघवीसारखा वास, मूत्राशय हाताला लागेना इतकं रिकामं. टेबलावरच उलटी झाली आणि त्यात पाण्यानं फुगलेले सहा-सात बेदाणे होते. सलाइन लावून तीन दिवस झुंजलो. लघवी सुरू झाली नाही, चौथ्या दिवशी ती गेली. ती खाल्ल्या खाल्ल्याच आणली असती तर पोट रिकामं करून बहुतेक वाचली असती. आत्ता तुमच्याकडे माल निघतोय, बेदाण्याची शेड चालू आहेत. रॅकखाली सांडलेला माल, कचऱ्यातले घड, यापासून त्याला लांब ठेवा, आणि खाल्लेलं दिसलं तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा. फवारणीच्या दिवशी, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावता त्या आठवड्यात, त्याला बागेत नेऊच नका.

केस काढू नका. शेफर्डच्या अंगावर दोन थर असतात, वरचे राठ केस आणि खाली मऊ लोकर. वरचा थर ऊन अडवतो, मोकळा असला की वाराही खेळतो. सफाचट केलात तर कातडी भाजते आणि केस पुन्हा धड येतीलच असं नाही. त्याऐवजी आतली सुटलेली लोकर काढा. दातेरी कंगवा घेऊन आठवड्यातून तीनदा, मानेपासून शेपटीकडे, मांड्यांच्या मागं जास्त वेळ. पहिल्यांदा कराल तेव्हा एवढी लोकर निघेल की दुसरं पिल्लू होईल असं वाटेल. आंघोळ महिन्यातून एकदा पुरे.

ऊन मात्र खरंच सोसत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो. फेरी सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवा, सात सेकंद टेकवत नसेल तर त्याच्या पंजालाही ती जमीन नको. पत्र्याच्या शेडखाली दुपारी कधीच बांधू नका, सावली झाडाची हवी. कुत्र्याचं अंग साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सियस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवाचं काम. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, झोकांड्या जातात. अशा वेळी साध्या पाण्यानं पोट, मांड्या, पंजे भिजवा, पंखा लावा आणि तसंच ओलं घेऊन निघा. बर्फ नको.

शेळ्या आहेत म्हणून आणखी एक. शेळ्या-मेंढ्यांना जंताचं किंवा गोचिडाचं म्हणून जे आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देता, ते उरलंय म्हणून याला टोचू नका. मेंढपाळ जातींच्या कुत्र्यांत एक जन्मजात दोष आढळतो, कॉलीत खूप, शेफर्डमध्ये काहींत. त्यांच्या मेंदूला या औषधापासून आडोसा नसतो. जनावरांच्या मापाचा डोस गेला तर कुत्रं आंधळ्यासारखं भेलकांडतं, बेशुद्ध पडतं. गोचिडासाठी कुत्र्यांच्या वेगळ्या गोळ्या मिळतात, महिन्याला एक किंवा तीन महिन्यांला एक. त्या वजन बघून द्या. गोचीड तापाला शेफर्ड इतर कुत्र्यांपेक्षा जास्त बळी पडतो. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. वेळेत धरला तर साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांनी माणसात येतो.

लसीकरणाचं कार्ड बघा. सेव्हन-इन-वनचे, म्हणजे सात आजारांच्या एकत्र लशीचे डोस पुरे झालेत का, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर दिलीय का. कृष्णाकाठच्या पुराचा आपल्याला २००५, २०१९ आणि २०२१ असा अनुभव आहे. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टो हा आजार कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून माणसाला. त्याची लस पावसाळ्याच्या आधी हवी.

पुढच्या आयुष्यातले आजार आत्ता सगळे सांगत नाही, तीन लक्षात असू द्या. मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा पळायला लागला, उठताना अडखळला, तर खुब्याचा एक्स-रे काढा. भरपूर खाऊनही वाळत चालला आणि शी पांढुरकी, ढीगभर पडत असेल, तर जंताचं औषध पुन्हा पुन्हा देत बसू नका. स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य कमी पडण्याचा आजार या जातीत आहे आणि तो जेवणात पावडर घालून आटोक्यात राहतो. आणि मोठेपणी पोट ढोलासारखं फुगलं, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. जठराला पीळ पडलेला असतो आणि हातात काही तासच असतात. जेवल्यावर तासभर पळवू नका म्हणतो ते त्याचसाठी.

आता आईंचा प्रश्न. पिल्लू मारकं निघणार नाही, पण एकटं पडलं तर बिघडेल. म्हणून तुम्ही स्वतःला एवढंच विचारा: त्याला घरी ठेवता येईल का, आणि रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, मिळून दहा-बारा वर्षं देणारं माणूस घरात आहे का. असेल तर ठेवा, आणि पहिला महिना आईंनाच त्याला घास घालू द्या. शेफर्ड घास देणाऱ्या हाताला विसरत नाही, आणि त्यांची भीती त्याच हातानं जाईल. नसेल, तर परत देण्यात तुमचा काही अपराध नाही, फक्त उशीर करू नका. चार महिन्यांचं पिल्लू नव्या घरी लवकर रुळतं, दोन वर्षांच्या शेफर्डला आपलं माणूस तोडणं फार जड जातं. आणि बागेला राखण हवीच असेल तर गावातलीच दोन गावठी पिल्लं एकत्र पाळा. त्यांना आपलं ऊन सोसतं, एकमेकांची सोबत असते, आणि रात्री शेडजवळ परकं पाऊल वाजलं तर ती तुम्हाला झोपू देणार नाहीत.